नियम मोडणारे कॉलेज बास्केटबॉल कोच, सगळे एकाच माळेचे मणी का?

लुईव्हिलकर:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय. मी २०११ ला एमएस करायला लुईव्हिलला आलो तेव्हा बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मागच्या ग्राउंडवरची गंजलेली रिंग एवढंच माहीत होतं, पण दोन वर्षांत असा वेडा झालो की ८ एप्रिल २०१३ ला आम्ही, म्हणजे लुईव्हिल युनिव्हर्सिटीने, देशातल्या कॉलेजांच्या फायनलमध्ये मिशिगनला ८२-७६ हरवलं तेव्हा रस्त्यावर अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडलो. त्याच्या आधी ड्यूकच्या मॅचमध्ये केव्हिन वेअरचा पाय मोडला होता, हाड बाहेर आलेलं, आणि तो पडल्या पडल्या बाकीच्यांना सांगत होता की माझं सोडा, मॅच जिंका. ती टीम माझ्यासाठी घरच्यांसारखी होती.

मग २०१५ ला सगळं बाहेर आलं. आंद्रे मॅगी नावाचा स्टाफमधला माणूस हॉस्टेलवर बायका आणून रिक्रूटिंगसाठी, म्हणजे टीममध्ये ओढण्यासाठी बोलावलेल्या मुलांची 'सोय' करत होता, त्यातली काही मुलं अठराचीही नव्हती. एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम बघणाऱ्या संस्थेने, १२३ विजय पुसले आणि फेब्रुवारी २०१८ ला अपील फेटाळल्यावर विजेतेपदाचा बॅनर उतरवला. पुरुषांच्या स्पर्धेचं विजेतेपदच काढून घेतलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं. आमचा कोच रिक पिटिनो म्हणाला मला काही माहीत नव्हतं. त्यातून सावरतोय तोवर सप्टेंबर २०१७ ला रिक्रूटिंगमधल्या पैशांचं एफबीआयचं प्रकरण आलं, ब्रायन बोवेन या खेळाडूच्या घरच्यांना आदिदासकडून १ लाख डॉलर कबूल केलेले, आणि पिटिनोला काढलं.

आता मुलगा बारा वर्षांचा आहे, माझ्यासोबत मॅच बघतो. त्याने विचारलं, बाबा २०१३ ला कोण जिंकलं? मला पटकन उत्तरच देता आलं नाही. आणि तोच पिटिनो २०२५ ला सेंट जॉन्सला बिग ईस्ट गटाची लीग आणि टुर्नामेंट दोन्ही जिंकून देतो, पेपरात कौतुक, आणि मार्चमधल्या देशाच्या स्पर्धेत त्याच्यासमोर कोण तर जॉन कॅलिपारी, आर्कान्सासला घेऊन. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये, आणि दोघांचे मिळून चार फायनल फोर, म्हणजे शेवटच्या चार टीममध्ये पोचलेल्या खेपा, रेकॉर्डमधून पुसलेले. मॅच बघताना मला पोटात कसंतरी होत होतं पण नजर हटत नव्हती.

तर प्रश्न असा की या सगळ्या कोच लोकांना एकाच तराजूत तोलायचं का? कोणी जास्तीचे फोन केले, कोणी पैसे दिले, कोणी खोटं बोललं, कोणी डोळे मिटून घेतले. तुम्ही आपापल्या टीमच्या कोचबद्दल स्वतःला काय सांगता?

कॅन्ससची_लेक:

लुईव्हिलकर दादा, तुमचं दुःख समजू शकते, कारण ऑक्टोबर २०२३ ला आमचेही २०१८ चे १५ विजय आणि फायनल फोर गेला. निदान २०२२ चं विजेतेपद राहिलं. मी लॉरेन्सला, कॅन्सस युनिव्हर्सिटीत, पीएचडी केली, ॲलन फील्डहाउसला थंडीत रांगेत बसून तिकिटं काढलीत, त्यामुळे आमच्या कोच बिल सेल्फबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. तरीही बोलते.

आमच्या प्रकरणात सगळ्यात जास्त किंमत कोणी मोजली? सिल्विओ डिसूझाने. अंगोलातून आलेला पोरगा, पैशाचा व्यवहार झाला तो आदिदासचा माणूस आणि याचा गार्डियन यांच्यात, आणि बसून राहिला हा. २०१८-१९ चा अख्खा सीझन गेला, दोन वर्षांची बंदी लावलेली ती अपीलमध्ये नंतर मागे घेतली पण तोवर सीझन संपून गेलेला. सेल्फ किती मॅच बाहेर बसला? चार. तेही युनिव्हर्सिटीनेच स्वतःहून लावलेल्या. आणि मधल्या काळात, चौकशी चालू असताना, त्याला आयुष्यभराचा कॉन्ट्रॅक्ट मिळाला.

माझा राग पैसे दिले यावर नाहीये. त्या मुलांच्या जिवावर मार्चमधल्या तीन आठवड्यांच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क वर्षाला १ अब्ज डॉलरच्या आसपास विकले जातात, आदिदासने लुईव्हिलशी १६ कोटी डॉलरचा दहा वर्षांचा करार केला तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये, अटका व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी. तिथे मुलाच्या घरी पैसे पोचले तर गुन्हा, युनिव्हर्सिटीच्या खात्यात पोचले तर पार्टनरशिप, हे मला कधीच पटलं नाही. माझा राग एवढाच की पकडले गेल्यावर मुलगा भरतो आणि कोच राहतो.

रॅलेकर:

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट बोलतो, कोणी मनाला लावून घेऊ नका. नियम मूर्खपणाचा असला तरी तो सगळ्यांना सारखा होता. जो कोच नियम पाळून खेळला त्याच्याकडे तो पाच स्टार मुलगा आला नाही, तो २० पैकी १२ हरला, त्याची नोकरी गेली, त्याच्या मुलांना शाळा बदलावी लागली, आणि त्याचं नाव आज इथे कोणालाच माहीत नाही. या चर्चेत त्या माणसाची बाजू कोण मांडणार? आता २०२१ पासून एनआयएल आलं, म्हणजे खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे मिळवायची मुभा, जून २०२५ च्या हाउस नावाच्या केसमधल्या सेटलमेंटनंतर युनिव्हर्सिटीच थेट वर्षाला २ कोटी डॉलरच्या आसपास खेळाडूंना वाटू शकते, म्हणून लोक म्हणतात बघा तेव्हाचे कोच काळाच्या पुढे होते. अरे पुढे कसले, तेव्हा बाकीचे नियम पाळत होते म्हणून तर यांच्या पैशाला भाव होता ना!

एलएसयूचा विल वेड एफबीआयच्या टॅपवर एका मुलासाठी तगडी ऑफर दिल्याचं बोलताना सापडला, मार्च २०२२ ला काढला, वर्षभरात मॅकनीजला, आणि २०२५ ला आमच्या इथे एनसी स्टेटला सन्मानाने आणला. माझे शेजारी खूश होते. मी नव्हतो.

आणि माझ्याच गल्लीतलं दुसरं सांगतो म्हणजे मी एकाच टीमच्या मागे लागलोय असं वाटायला नको. चॅपल हिलला, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत, १९९३ ते २०११, अठरा वर्षं, ३१०० च्या वर विद्यार्थ्यांनी असे कोर्स घेतले जिथे वर्गच भरत नव्हता, शेवटी एक पेपर द्यायचा आणि ऑफिसातली बाई चांगला ग्रेड देणार. त्यात निम्म्याच्या आसपास खेळाडू. एनसीएएने ऑक्टोबर २०१७ ला काय ठरवलं, की हे कोर्स बाकीच्या विद्यार्थ्यांनाही खुले होते म्हणून हा खेळाचा नियमभंग होत नाही. शून्य शिक्षा. मुलाला पैसे दिले तर निदान त्याच्या हातात काहीतरी पडतं, इथे त्याचं शिक्षणच काढून घेतलं आणि डिग्री हातात ठेवली. कोच म्हणाले आम्हाला माहीत नव्हतं. आपल्या मुलांना कुठला वर्ग आहे हे ज्याला रोज मिनिटामिनिटाला माहीत असतं त्याला हे माहीत नव्हतं?

जुना_प्रेक्षक:

मी १९८६ पासून अमेरिकेत आहे, आधी लॉस एंजेलिस, मग लास व्हेगास. रॅलेकर म्हणतात नियम सगळ्यांना सारखा होता, ते मला मान्य नाही. नियम कागदावर सारखा होता.

जेरी टार्केनियन माहितीये ना, यूएनएलव्हीचा, म्हणजे लास व्हेगासच्या युनिव्हर्सिटीचा कोच, टॉवेल चावत बसायचा तो. १९७७ ला एनसीएएने युनिव्हर्सिटीला सांगितलं याला दोन वर्षं सस्पेंड करा, तो कोर्टात गेला, स्टे आणला, कोचिंग करत राहिला, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८८ ला ५ विरुद्ध ४ ने हरला, कारण कोर्ट म्हणालं एनसीएए ही सरकारी संस्था नाही, तिला सरकारसारखी न्याय्य प्रक्रिया लागू होत नाही. त्यानंतर दोन वर्षांत, १९९० ला, ड्यूकला १०३-७३ धुतलं. फायनलमध्ये ३० पॉइंटचा फरक आजवर कोणी गाठलेला नाही. आणि शेवटी १९९८ ला त्याच एनसीएएने त्याला २५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. आमच्या दुकानात त्या दिवशी लोक एकमेकांना पेढे वाटल्यासारखे डोनट वाटत होते.

तो धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. १९९१ ला त्याच्या तीन खेळाडूंचा मॅच फिक्सिंगमध्ये शिक्षा झालेल्या माणसाबरोबर हॉट टबमध्ये बसलेला फोटो पेपरात आला आणि तिथून त्याचं जाणं ठरलंच. पण तो मोठ्या नावाजलेल्या शाळांच्या बाहेरची, ज्युनियर कॉलेजची, गरीब काळी मुलं घ्यायचा, ज्यांना बाकीचे हात लावत नव्हते, आणि चौकशीचं भिंग कायम त्याच्यावर. याउलट लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलएचा कोच असलेल्या जॉन वुडनने बारा वर्षांत दहा विजेतेपदं नेली. सॅम गिल्बर्ट नावाचा श्रीमंत बिल्डर त्या खेळाडूंचा 'पापा सॅम' होता, कपडे, गाड्या, सगळं. यूसीएलएवर कारवाई आली ती १९८१ ला, वुडन निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर. वुडनच्या नावाला धक्का नाही. मी वुडनचा आदर करतो, माणूस म्हणून फार मोठा होता, पण हा प्रश्न मी चाळीस वर्षं विचारतोय आणि लोक विषय बदलतात.

आणि केंटकीहून निघालेलं कुरिअरचं पाकीट १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला फुटलं, आतून पन्नासच्या वीस नोटा बाहेर, एका मुलाच्या वडिलांच्या नावाने. हजार डॉलर. त्यावरून सुरू झालेल्या चौकशीत कोच एडी सटनची खुर्ची गेली. आज हजार डॉलर म्हणजे त्याच मुलाच्या एका इन्स्टा पोस्टचे पैसे सुद्धा नाहीत.

पॉईंटगार्ड_सांगली:

मला आमच्या कोच केल्विन सॅम्पसनबद्दल बोलायचंय कारण मी ह्यूस्टनला राहतो आणि २०२५ ची फायनल, फ्लोरिडाकडून ६५-६३, अजून पचलेली नाही. ओक्लाहोमाला असताना त्याने आणि त्याच्या स्टाफने रिक्रूटिंगसाठी नियमापेक्षा ५७७ जास्तीचे फोन केले. फोन! पैसे नाही, बायका नाही, मार्क वाढवले नाहीत. पुढे इंडियानाला गेला, तिथे फोनवर बंधन घातलेलं असताना परत तेच केलं, फेब्रुवारी २००८ ला राजीनामा, मग पाच वर्षांची शो-कॉज. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शो-कॉज म्हणजे त्या मुदतीत त्याला नोकरी देणाऱ्या कॉलेजने एनसीएएपुढे उभं राहून सांगायचं की आमच्यावर निर्बंध का लावू नयेत, म्हणजे कोणी घेतच नाही. तो एनबीएत असिस्टंट म्हणून गेला, आणि २०१२ ला एनसीएएने काय केलं, तर फोन आणि मेसेजवरची मर्यादाच उठवली. शिक्षा चालू आणि नियम रद्द. त्याला मी गुन्हेगार म्हणू?

पण मला स्वतःलाच एक गोष्ट टोचते ती पण सांगतो. एनसीएएचा त्याच्यावर फक्त फोनचा आरोप नव्हता, चौकशीत खोटी माहिती दिली हा सुद्धा होता. टेनेसीच्या ब्रूस पर्लचं तेच. घरी बार्बेक्यूला एका अकरावीतल्या मुलाला बोलावलं, किरकोळ गोष्ट, पण चौकशीत घरातला फोटो समोर ठेवल्यावर म्हणाला मी ओळखत नाही हे कुठलं घर. स्वतःचं घर! वर त्या मुलाच्या वडिलांना फोन केला. २०११ ला नोकरी गेली ती बार्बेक्यूसाठी नाही.

मी सांगलीत असताना ज्युनियरला खेळायचो, आमच्या कोचनी दोन मोठ्या वयाच्या पोरांना खोटे दाखले काढून खेळवलं, आम्हाला सगळ्यांना सांगितलं कोणी विचारलं तर हीच तारीख बोला. आम्ही बोललो. मेडल घरी आहे, आईने शोकेसमध्ये ठेवलंय. मला त्या दाखल्यांपेक्षा ते जास्त लागतं की पंधरा वर्षांच्या आम्हाला त्यांनी खोटं बोलायला उभं केलं. त्यामुळे माझ्यापुरती रेघ तिथे आहे. कोचने स्वतः काय मोडलं ते एका बाजूला, पण पोरांना किंवा हाताखालच्या माणसाला त्यात ओढलं की माझ्या लेखी तो संपला.

टेक्सासकर_काका:

पॉईंटगार्डने शेवटी जे लिहिलंय त्यावरून मला वेकोच्या बेलर युनिव्हर्सिटीचं लिहायलाच पाहिजे, कारण इथे अजून कोणी त्याचं नाव काढलेलं नाही आणि मला वाटतं या अख्ख्या विषयात त्याच्याइतकं काळं दुसरं काही नाही.

२००३ चा उन्हाळा. बेलरचा खेळाडू पॅट्रिक डेनेही जूनमध्ये बेपत्ता झाला, जुलैअखेरीस प्रेत सापडलं. त्याच्याच टीममधल्या कार्लटन डॉटसनने गोळ्या घातल्या होत्या, पुढे ३५ वर्षांची शिक्षा झाली. पोलीस आले तसे पैशाचे प्रश्न सुरू झाले, कारण डेनेहीला स्कॉलरशिप नव्हती, मग फी कोण भरत होतं? कोच डेव्ह ब्लिस भरत होता, नियम मोडून. आता ते लपवायचं कसं? तर ब्लिसने असिस्टंट आणि खेळाडूंना बसवून शिकवलं की चौकशीत सांगा, डेनेही ड्रग विकायचा आणि त्यातून फी भरायचा. मेलेला मुलगा काही परत येऊन नाही म्हणणार नव्हता. आईबापांनी अजून नीट रडूनही घेतलं नव्हतं.

एबार राऊस नावाचा असिस्टंट नुकताच लागला होता, दोनेक महिने झाले असतील. ब्लिसने त्याला अडवलं की हे बोलला नाहीस तर नोकरी गेली. त्याने खिशात छोटा टेपरेकॉर्डर ठेवून ते सगळं रेकॉर्ड केलं आणि टेप बाहेर दिल्या. त्यामुळे खरं समोर आलं. डेनेहीचं नाव स्वच्छ राहिलं ते त्या एका माणसामुळे.

ब्लिसला दहा वर्षांची शो-कॉज झाली, मोठी शिक्षा, मान्य. पण राऊसला काय मिळालं? त्याला कॉलेज कोचिंगमध्ये परत धड नोकरीच मिळाली नाही. एका छोट्या कॉलेजात थोडे दिवस, मग संपलं, पुढे फेडरल तुरुंगात कैद्यांना शिकवायची नोकरी. ड्यूकचा कोच माईक शशेव्हस्कीसारखा माणूस, ज्याला आपण सगळे सज्जन मानतो, मीही मानतो, टीव्हीवर म्हणाला की माझ्या असिस्टंटने माझं बोलणं असं चोरून रेकॉर्ड केलं तर तो माझ्या स्टाफवर राहणार नाही. आणि ब्लिस? त्याला २०१५ ला ओक्लाहोमातल्या एका ख्रिश्चन कॉलेजने परत हेड कोच म्हणून घेतलं, आणि २०१७ ला एका डॉक्युमेंटरीत त्याने पुन्हा तेच सांगितलं की डेनेही ड्रग विकत होता. तेव्हा कुठे तिथून गेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मी स्वतः इथे कंपनीत वीस वर्षं ऑडिटमध्ये काम केलंय, खरं बोलणाऱ्या माणसाशी नंतर कँटीनमध्ये कोणी बसत नाही हे मी पाहिलंय. त्यामुळे मला कोणी कोचची नैतिकता विचारली की मी हे बघत नाही की त्याने किती पैसे दिले, मी हे बघतो की राऊसचा अर्ज त्याच्या टेबलावर आला तेव्हा त्याने काय केलं. शेकडो कॉलेजं आहेत या देशात. एकालाही तो हवा होता असं दिसलं नाही.

रॅलेकर:

काका, राऊसचं मला माहीत नव्हतं. ब्लिसचं वाचलेलं, टेपचंही, पण त्या माणसाचं पुढे काय झालं हे कधी शोधलंच नाही. माझं नियमाबद्दलचं मत बदलत नाही, पण एक दुरुस्ती करतो. मी म्हणालो होतो नियम पाळणाऱ्या कोचची बाजू कोणी मांडत नाही, तर त्याच रांगेत हा पण येतो.

कॅन्ससची_लेक:

काकांच्या मुद्द्यात २०१७ ची भर घालते. एफबीआयने चार असिस्टंट कोच धरले, ऑबर्न, ॲरिझोना, यूएससी, ओक्लाहोमा स्टेट, चौघंही काळे. हेड कोच एकही नाही. ॲरिझोनाचा बुक रिचर्डसन तीन महिने तुरुंगात गेला, वर दहा वर्षांची शो-कॉज. त्याचा हेड कोच शॉन मिलर? चौकशीत त्याला काहीच शिक्षा झाली नाही, आज तो टेक्सासला आहे. पिटिनोलाही २०२२ ला शिक्षा नाही. मी असं म्हणत नाही की त्यांनी केलंच होतं, सिद्ध झालेलं नाही. पण हेड कोचला रिक्रूटिंगचं श्रेय पाहिजे, त्यासाठी कोट्यवधीचा पगार पाहिजे, आणि रिक्रूटिंग कसं झालं हे मात्र त्याच्या असिस्टंटलाच माहीत असतं, हे दोन्ही एकदम कसं चालतं?

जुना_प्रेक्षक:

ताई, बरोबर आहे. आमच्या काळी असिस्टंट असाच जायचा, फक्त एफबीआय नव्हती.

लुईव्हिलकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळं दोनदा वाचलं. पॉईंटगार्डची रेघ मला पटली, आणि त्या रेघेने मोजलं तर माझ्या टीमचं प्रकरण फोन किंवा पैशांपेक्षा फार वाईट ठरतं, कारण तिथे सतरा वर्षांच्या मुलांना ओढलं होतं. हे मी इतकी वर्षं स्वतःशी कबूल करत नव्हतो, 'सगळेच करतात' म्हणून सोडून देत होतो. सगळे ते करत नव्हते. आणि पिटिनोला माहीत नव्हतं हे खरं धरलं तरी त्याच्या छताखाली चार वर्षं चाललं होतं.

पण त्या रात्री खेळलेली पोरं वेगळी. ल्यूक हॅनकॉकने कोर्टात जाऊन २०१९ ला आपलं नाव सोडवून घेतलं, फायनलचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा मान आणि त्याचे आकडे परत मिळाले, विजेतेपद नाही मिळालं. मुलाला आज सकाळी नाश्त्याला सांगितलं की २०१३ ला मॅच लुईव्हिल जिंकली, बॅनर मोठ्या माणसांनी घालवला. त्याने विचारलं, मग पिटिनो चांगला की वाईट? मी त्याला डेनेही आणि राऊसची गोष्ट सांगितली, जेवढी बाराव्या वर्षी सांगता येते तेवढी. तो बराच वेळ गप्प होता, मग विचारलं की तो राऊस आता मॅच बघत असेल का.

काका, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा. त्याला सांगायचंय.